फाइल सात

कधी पावणेदोन मिनिटांनी, कधी चार,
कधी अर्धा तास काहीच नाही,
आणि मग एकदम
महादू भोये बोलता बोलता क-क-क करून थांबतात,
घशात नागलीचा दाणा अडकावा तसे.
सतरा मिनिटं बेचाळीस सेकंदांना मात्र हमखास.

उत्तमनगरच्या या खोलीत हेडफोन लावून
मी मिनिटाला बारा रुपयांनी
सुरगाण्याकडच्या म्हाताऱ्यांचं बोलणं उतरवून काढते.
आवाज थांबला की तीन टिंबं.
सहा फाइली अशाच गेल्या.
सातवीत टिंबं शब्दांहून जास्त व्हायला लागली
तेव्हा वाटलं, माणूस एवढा कसा अडखळेल.

तौसिफ मणियार आला, जुन्या नाशकातून, स्कूटरवर,
आणि कॉम्प्युटर पाहुण्यांसमोरच्या पोरासारखा
शहाणा होऊन बसला.
पंधरा मिनिटं ऐकलं. एक अक्षर तुटलं नाही.
"ताई, दवाखान्याची पायरी चढली की ताप उतरतो, त्यातलं आहे हे."
चहा घेतला, पैसे घेतले नाहीत, गेला.
तो द्वारका ओलांडतोय तोवर
महादू पुन्हा क-क-क.

फोनवर त्याने एकच नियम सांगितला:
एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि लिहून ठेवा.
दोन बदलल्या तर बरं झालं तरी
कशानं, ते कळायचं नाही.

मंगळवार. हेडफोन भाचीचा. तुटतो.
पिन पुढून काढून मागे लावली. तुटतो.
बुधवार. साउंडचा नवा ड्रायव्हर काढला, जुना टाकला.
दोन तास बरं.
(बटाटेवडे आणले. ते वहीत नाही.)
मग तुटतो.
गुरुवार. अँटिव्हायरस बंद.
शुक्रवार. वीज वाचवायची सेटिंग काढली. पंखा जास्त ओरडतो, आवाज तेवढाच तुटतो.
शनिवार. अंबडच्या कंपन्यांना सुट्टी,
विजेचा दोष असेल तर आज तुटायला नको.
तुटतो.

रविवारी वाय-फायचा डोंगल उपटला,
नखाएवढा, मागे लागलेला,
तो तिथे आहे हेच विसरले होते.

तीन तास. सलग. धारेसारखा आवाज.

तौसिफ म्हणाला, तो मधूनमधून नेटवर्कं शोधत असणार.
म्हणजे शिरसाठांचं आहे का, खालच्या क्लासचं आहे का,
समोरच्या सलूनचं आहे का,
नुसतं डोकावून यायचा,
आणि तेवढ्यापायी सगळं यंत्र
महादूचा अर्धा शब्द हातात धरून
दारात उभं.

आता आली पंचाईत.
सात फाइलींतली कुठली टिंबं डोंगलची
आणि कुठली माणसांची?
पुन्हा पहिल्यापासून ऐकायचं. याचे पैसे नाहीत.

सातवीत एक्केचाळीस ठिकाणी टिंबं होती.
अडतीस खोडली.
उरली तीन.
एकात खोकला.
एकात ते कोंबडी हाकलतात, कोंबडी ऐकत नाही.
तिसरं, सतरा बेचाळीस.

"धाकला भाऊ धरणाच्या कामाला गेला," म्हणतात,
आणि मग नऊ सेकंद.
लांब कुणीतरी हंडा टेकवतं.
क-क-क नाही. कधीच नव्हतं.
इथे आवाज तुटतच नव्हता, मीच तसं ऐकत होते.
"मंग आमी नागली लावली."

आठवडाभर मी तौसिफला
हीच जागा पुरावा म्हणून सांगत होते:
बाकीचं जाऊ दे, इथे तर दरवेळी अडकतं!
दरवेळी. तेव्हाच कळायला हवं होतं.
बिघाड असता
तर एखाद्या वेळी तरी चुकला असता.

टिंबं खोडून लिहिलं: थांबले.
नऊ सेकंदांचे एक रुपया ऐंशी पैसे
बिलात लावले, लाज वाटली, तरी लावले.
आणि वहीत, रविवारच्या खाली:
१७:४२. दुरुस्ती नको.